रिट्रीटचं बटण

परवाच्या शनिवारी रात्री साडेअकरा वाजता दादाच्या घरी चक्क मतदान झालं. विषय : लढाईतून पळून जायला परवानगी असावी की नसावी? मतदार चार. दादा, वहिनी, दादाचा कॉलेजमधला मित्र (तो सीए आहे आणि आम्ही त्याला सीएच म्हणतो) आणि मी. मतदानाआधी अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं. मतदानानंतर दहा मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. मधल्या मध्ये पावभाजी गार झाली.

तुम्ही म्हणाल, एवढं झालं तरी काय? काही नाही हो, आम्ही गेम खेळत होतो!

थांबा, लगेच पान उलटू नका. मी गेमर-बिमर अजिबात नाही. माझ्या फोनवर साधा ल्युडोसुद्धा नाही. पण एक गेम असा आहे, जो आमच्या घरात देवघराच्या खालोखाल टिकून आहे. 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री'. मी चौथीत होते तेव्हा दादाने कुणाकडून तरी त्याची सीडी आणली. आमचा तो जाडजूड, पंख्यासारखा आवाज करणारा कॉम्प्युटर त्या दिवसापासून जो तापायला लागला तो लागलाच. कॉम्प्युटर गेला, सीडी गेली, दादाचं लग्न झालं, मी पुण्यात भाड्याने राहायला लागले. गेम आहे तिथेच आहे. महिन्यातून एक शनिवार, दादाचा हॉल, एकच लॅपटॉप आणि चौघांनी आळीपाळीने खेळायचं. याला 'हॉट सीट' म्हणतात. केबीसीतली नव्हे! एकाची टर्न चालू असताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं किंवा किचनमध्ये जाऊन कांदा चिरायचा. अख्ख्या जगात कांदा चिरायला लावणारा हा एकमेव कॉम्प्युटर गेम असावा.

फंडा काय आहे?

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्याकडे एक शहर असतं. शहरात इमारती बांधायच्या, इमारतींमधून प्राणी भरती करायचे. भालेवाले, ग्रिफिन, जिनी, ड्रॅगन, ज्याच्या त्याच्या शहराप्रमाणे. ही फौज एका हीरोच्या हाताखाली द्यायची आणि नकाशावर हिंडायचं. लाकूड, दगड, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं आणि सोनं गोळा करायचं. वाटेत राक्षस भेटले की लढायचं, शेजाऱ्याचं शहर दिसलं की घ्यायचं. सगळं टर्नप्रमाणे. तुम्ही खेळलात की पुढचा, पुढचा खेळला की त्याच्या पुढचा. घाई नाही. बुद्धिबळाला जादूची फोडणी दिली आणि वर थोडं पत्त्यांचं नशीब भुरभुरलं की झालं हिरोज!

हा गेम 1999 साली आला. बनवला न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगने, विकला थ्रीडीओ या कंपनीने. पुढे 2003 मध्ये थ्रीडीओचं दिवाळं वाजलं आणि फ्रान्सच्या युबिसॉफ्टने 'माइट अँड मॅजिक' हे नाव 13 लाख डॉलरला विकत घेतलं. त्यानंतर या मालिकेचे कितीतरी भाग आले. चौथा भाग 2002 मध्येच आला होता, पाचवा 2006 मध्ये. 2015 मध्ये तर तिसऱ्या भागाचंच नवं चकचकीत रूप बाजारात आलं. पण अट्टल खेळाडू कुठे बसलेत? तिथेच, जुन्या तिसऱ्यापाशी. त्याच्यावर 'हॉर्न ऑफ दि ॲबिस' नावाचा एक भलामोठा विस्तार चाहत्यांनी स्वतःच रचलाय. 2011 पासून तो चालू आहे आणि फुकट आहे.

आता पंचवीस वर्षांहून जुना गेम लोक अजून का खेळतात? माझं उत्तर ऐका : कारण त्याच्या नियमांवरून अजून भांडण मिटलेलं नाही.

सोमवारी पगार

पहिलं भांडण आठवड्याचं. गेममधला आठवडा सात दिवसांचा, आणि नवे प्राणी मिळतात ते फक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी. त्या दिवशी शहरात झुंबड. उरलेले सहा दिवस ठणठणाट. भरती केली नाहीत तरी प्राणी वाया जात नाहीत, साठत राहतात. अगदी आपल्या अर्न्ड लीव्हसारखे!

सीएला हा नियम परफेक्ट वाटतो. "यामुळे शिस्त येते," असं तो म्हणतो. "कॅश फ्लोचा विचार करावा लागतो. सातव्या दिवशी हल्ला करायचा की पहिल्या दिवसाची भरती घेऊन करायचा, सगळा गेम त्यात आहे." वहिनीला तो जुलमी वाटतो. पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री कुणी तुमचं शहर घेतलं तर तुमचा अख्खा आठवडा त्याच्या घशात जातो. चौथ्या भागात कंपनीने हे बदलून पाहिलं. प्राणी रोज थोडे थोडे वाढायला लागले, हीरो स्वतः मैदानात उतरून लढायला लागला, प्राणी हीरोशिवायही नकाशावर हिंडायला लागले. कागदावर सगळं शहाणपणाचं. पण कितीतरी जुने खेळाडू अजून त्या भागाचं नाव काढलं की नाक मुरडतात. पाचव्यात मग गुपचूप पुन्हा आठवडा आला. माझं म्हणाल, तर मी फ्रीलान्सर. महिन्याच्या एका तारखेला खात्यात काहीतरी पडतं, ही कल्पनाच मला फॅन्टसी वाटते. ड्रॅगन त्या मानाने रिॲलिस्टिक.

डबेवाले आणि दलदल

दुसरं भांडण चालण्याचं. हीरो दिवसाला किती चालणार हे त्याच्या फौजेतल्या सर्वांत संथ प्राण्यावर ठरतं. एक झोंबी सोबत घेतला की अख्खी वरात त्याच्या चालीने! रस्ता असेल तर चाल स्वस्त. साध्या जमिनीवर एका घराला 100 पॉइंट लागतात, फरसबंदी रस्त्यावर 50, दलदलीत 175. (हिंजवडीचा आकडा गेममध्ये दिलेला नाही.)

मग हुशार लोकांनी काय केलं? रस्त्यावर ठरावीक अंतराने एकेक हीरो उभा केला. पहिल्याने फौज दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येकाची त्या दिवसाची चाल वेगळी, त्यामुळे एकाच दिवसात फौज नकाशाच्या या टोकाहून त्या टोकाला. याला म्हणतात चेन. आपल्या डबेवाल्यांची सिस्टिमच की! विरारचा डबा चर्चगेटला एकच माणूस थोडाच नेतो?

दादाच्या मते ही शुद्ध चीटिंग आहे. "चाळीस ड्रॅगन एका दिवसात पाच माणसांच्या हातातून गेले? काहीतरी लॉजिक?" सीएच्या मते नियमात बसतंय ना, मग झालं. इन्कम टॅक्सबद्दलही त्याचं नेमकं हेच मत आहे.

मेलेल्यांचं शहर

तिसरं भांडण सगळ्यात जुनं. दादाचं लाडकं शहर म्हणजे नेक्रोपोलिस, मेलेल्यांचं शहर. तिथल्या हीरोकडे नेक्रोमन्सी नावाचं कौशल्य असतं. लढाई जिंकली की मेलेल्या शत्रूंमधून सांगाडे उठतात आणि फुकटात फौजेत भरती होतात. कौशल्य वरच्या पायरीला गेलं की 30 टक्क्यांपर्यंत. बाकीचे सगळे लढाई जिंकून दमतात, हा लढाई जिंकून वाढतो. दुसऱ्या महिन्यात दादाकडे हजारभर सांगाडे असतात आणि आमच्याकडे कांदे.

वर आणखी एक गंमत. बाकीच्या फौजांना मनोबल असतं. मनोबल चांगलं असेल तर प्राण्याला एखादी जादा खेळी मिळते. वाईट असेल तर तो जागच्या जागी गोठतो, खेळी वाया. मेलेल्यांना मनोबलच नसतं. ना उत्साह, ना निराशा. त्यांना काही फरक पडत नाही. आणि आकडे बघा. मनोबल एकाने चढलं तर जादा खेळीची शक्यता चोविसात एक. एकाने उतरलं तर गोठण्याची शक्यता बारात एक. म्हणजे निराशेची ताकद उत्साहाच्या बरोब्बर दुप्पट! ज्याने कुणी हे गणित मांडलं, त्याने ऑफिसात नोकरी नक्की केली असणार.

जगभरच्या खेळाडूंची नेक्रोमन्सीबद्दल तक्रार होतीच. 'हॉर्न ऑफ दि ॲबिस'वाल्यांनी ती ऐकली आणि टक्केवारी सरळ निम्मी केली. आम्ही हा नियम घरी लागू केला तेव्हा दादा दोन शनिवार रुसला होता. वय वर्षं चौतीस.

पण खेळाडूंचं ऐकलं की सगळं छानच होतं, असंही नाही बरं का. 1999 मध्येच कंपनी पहिल्या एक्स्पान्शनमध्ये 'फोर्ज' नावाचं शहर आणणार होती. यंत्रं, बंदुका, सायन्स फिक्शन. चाहते भडकले. आमच्या जादूच्या दुनियेत मशिन? कंपनीने फोर्ज रद्द केलं आणि त्याच्या जागी 'कॉन्फ्लक्स' हे पंचमहाभूतांचं शहर घाईने घातलं. झालं काय? तेच कॉन्फ्लक्स इतकं भारी निघालं की आज कितीतरी ठिकाणी स्पर्धेत त्याला बंदी असते. आणि 2023 सरता सरता चाहत्यांच्या त्याच विस्तारात एक नवं शहर आलं. नाव 'फॅक्टरी'. यंत्रं आणि बंदुका! यावेळी टाळ्या पडल्या. माणसांना नक्की काय हवं असतं ते त्यांना स्वतःला कळायला कधी कधी चोवीस वर्षं लागतात.

आणि मग मी पळाले

आता येऊ या शनिवारच्या राड्याकडे.

लढाई सुरू झाली की खाली एक बटण असतं. रिट्रीट. ते दाबलं की फौज गेली, पण हीरो वाचतो. तो शहरातल्या टॅव्हर्नमध्ये म्हणजे गुत्त्यात जाऊन बसतो. 2500 सोन्याची नाणी मोजली की पुन्हा तुमच्याकडे कामाला. सर्वांत साधं शहर दिवसाला 500 कमावतं, म्हणजे हा पाच दिवसांचा पगार. पण महत्त्वाचं काय, तर त्याचा अनुभव, त्याची कौशल्यं, त्याने जमवलेल्या जादुई वस्तू, सगळं त्याच्यापाशी राहतं. उलट शेवटच्या शिपायापर्यंत लढून हरलात, तर फौजही गेली, हीरोही गेला आणि वस्तू शत्रूच्या खिशात.

नवशिक्या माणूस हे बटण कधीच दाबत नाही. त्याला लाज वाटते. मुरलेला माणूस मात्र त्याचं शस्त्र करतो. त्याला म्हणतात 'हिट अँड रन'. एका जादूगार हीरोसोबत एकच चपळ प्राणी द्यायचा. शत्रूच्या मुख्य फौजेवर जायचं. तुमचा प्राणी चपळ म्हणून पहिली खेळी तुमची. एक जबरदस्त मंत्र टाकायचा, शत्रूचा एक कोपरा भाजून काढायचा आणि त्याचा हात उठायच्या आत रिट्रीट! नुकसान किती, एक प्राणी आणि 2500 नाणी.

शनिवारी माझं शहर होतं टॉवर. माझ्याकडे एक मास्टर जिनी होता, त्याचा वेग 11. दादाच्या फौजेतले सगळ्यात चपळ व्हॅम्पायर लॉर्ड, त्यांचा वेग 9. मी त्याच्या सांगाड्यांवर उल्कांचा पाऊस पाडला आणि पळाले. हीरो परत विकत घेतला. पुन्हा पाऊस पाडला. पुन्हा पळाले.

तिसऱ्यांदा दादाने लॅपटॉपच मिटला.

"हे चालणार नाही," तो म्हणाला. "रिट्रीट बंद. आजपासून. लढायचं तर लढायचं."

"नियमात आहे," मी म्हणाले.

"नियमात आहे म्हणून काय झालं? नेक्रोमन्सीपण नियमात होती. तुम्ही निम्मी केलीत ना?"

मुद्दा बिनतोड होता. सीएने लगेच मान डोलावली. हिट अँड रनवर बऱ्याच खेळाडूंमध्ये आपसात बंदी असते, हेही त्याने सांगितलं. मी म्हणाले, हिट अँड रन बंद करा, पण अख्खं रिट्रीट का? हरायला लागलेल्या माणसाने मरेपर्यंत थांबायचं का? दादा म्हणाला, हो, थांबायचं. नाहीतर सुरूच करायचं नाही. आवाज चढले. वहिनी मध्ये पडली, "चला, मतदान घेऊ." दोन-दोन. दादा आणि सीए बंदीच्या बाजूने, मी आणि वहिनी विरोधात.

आणि मग दादा लॅपटॉपकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुला काय, सवयच आहे."

झालं. दहा मिनिटं शांतता.

आता हे काय होतं ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली. एका न्यूज चॅनलच्या डेस्कवर होते. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतल्यावर पहिलीच नोकरी, आईने शेजारीपाजारी पेढे वाटलेले. चौदा महिने केली. नाइट शिफ्ट, रोज कुणाचं तरी ओरडणं, आणि शेवटी शेवटी असं व्हायचं की लिफ्टमध्ये शिरलं की हात थरथरायचे. एका गुरुवारी मी राजीनामा मेल केला आणि दादाला फोन केला. मला वाटलं होतं तो म्हणेल, बरं केलंस. तो दोन सेकंद गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे पळालीस."

त्यावर आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही. वाढदिवस झाले, गणपती झाले, छत्तीस शनिवार झाले. तो शब्द मात्र टॅव्हर्नमध्ये बसून होता.

वेढा

शांतता मोडली वहिनीने. ती एचआरमध्ये आहे. तिच्या ऑफिसात जाणाऱ्या प्रत्येकाचा एक्झिट इंटरव्ह्यू तीच घेते. गार पावभाजी गॅसवर ठेवत तिथूनच ती म्हणाली, "मी आत्तापर्यंत सोडून जाणारे शेकड्यांनी पाहिलेत रे. जो वेळेवर जातो, तो शिकलेलं सगळं घेऊन जातो. जो फार उशिरा जातो, त्याच्याकडे न्यायला काही उरलेलं नसतं. गेमवाल्यांनी हे बरोबर केलंय."

दादा काहीच बोलला नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, "वेढ्यातून रिट्रीट करता येत नाही."

आम्हाला वाटलं, तो गेमबद्दल बोलतोय. आणि गेममध्ये ते खरंच आहे. तुम्ही स्वतःच्या शहरात असाल आणि शत्रूने वेढा घातला, तर पळता येत नाही. शरणही जाता येत नाही. शहर तुमचं, भिंती तुमच्या, म्हणून तुम्हीच अडकता. एकट्या स्ट्राँगहोल्डला भुयार बांधायची सोय आहे. बाकीच्यांनी भिंतीआड राहायचं.

"या घराचे अजून सोळा वर्षं हप्ते आहेत," दादा म्हणाला. "दोन वर्षं झाली, त्या प्रोजेक्टवर मला सकाळी उठून जावंसं वाटलेलं नाही. नोटीस पीरियड नव्वद दिवस. आणि हिने एका गुरुवारी एक मेल टाकला आणि मोकळी. मला त्या दिवशी राग आला होता. तुझा नाही. म्हणजे तुझाच. पण..."

ते 'पण' त्याने पुरं केलं नाही. आमच्या घरात वाक्यं पुरी करायची पद्धत नाही. बाबांपासूनची.

सीए चष्मा पुसत बसला. मला एकदम लख्ख दिसलं की तीन वर्षं मी ज्याला टोमणा समजत होते, तो बहुतेक हेवा होता. आणि मला हेही दिसलं की मी पळू शकले, कारण माझ्यामागे शहर नव्हतं. भिंत नव्हती, हप्ता नव्हता. आई-बाबांना बघायला दादा होता. मी रिट्रीट दाबलं तेव्हा भिंतीवर कोण उभं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी तीन वर्षं स्वतःला शूर समजत होते. शूर मी होतेही, पण माझी चाल थोडी स्वस्त होती. फरसबंदी रस्ता, 50 पॉइंट.

मी म्हणाले, "दादा, बाहेर बसून 2500 जमवणंपण सोपं नसतं रे."

"माहितीये," तो म्हणाला. "म्हणून तर बोलत नाही."

वहिनीचा जीआर

शेवटी निवाडा वहिनीने दिला. तो असा : रिट्रीट चालू राहील. पण पळालेला हीरो त्याच आठवड्यात परत कामावर घ्यायचा नाही. पुढच्या आठवड्याच्या पहिल्या दिवसापर्यंत त्याने टॅव्हर्नमध्ये बसायचं. "घरी बसल्याशिवाय माणसाला आपण काय सोडलं ते कळत नाही," असं एचआरचं मत पडलं. त्यामुळे हिट अँड रन आपोआप मेलं आणि पळणंही जिवंत राहिलं. इतका साधा उपाय, पंचवीस वर्षांत कुणाला सुचला असेल-नसेल देव जाणे, आमच्या घरी गरम पावभाजीबरोबर आला. चारशून्य मतांनी मंजूर.

खेळ पुढे सुरू झाला. नवा नियम पहिल्यांदा कुणाला लागला असेल? अर्थात मला! दादाचे व्हॅम्पायर माझ्या हीरोवर चालून आले. मी खरंखुरं हरत होते. मी रिट्रीट दाबलं, फौज गेली, हीरो टॅव्हर्नमध्ये. आठवड्याचे तीन दिवस उरलेले. ते मी शहराची तटबंदी बांधण्यात घालवले आणि पैसे संपवले. माझा हिशोब कच्चा, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. नव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी माझ्याकडे 1300 नाणी असणार होती. हीरोला हवी होती 2500. म्हणजे गेम खलास.

माझी टर्न आली. मी कांद्याचा हात पुसून लॅपटॉपसमोर बसले. खाली खजिन्याचा आकडा होता 3800.

आता या गेममध्ये एक सोय आहे, जी फारसं कुणी वापरत नाही. तुमच्या शहरात बाजार असेल तर तिथून तुम्ही तुमची संपत्ती दुसऱ्या खेळाडूला पाठवू शकता. सरळ देऊन टाकायची. बदल्यात काही मिळत नाही. मित्रपक्ष एकमेकांना पाठवतात. ज्याची फौज दोन दिवसांत तुमच्या दारात येणार आहे, तो पाठवत नाही.

मी मान वळवली. नियमाप्रमाणे दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"दादा, हे काय आहे?"

"माझी टर्न नाहीये," तो भिंतीला म्हणाला. "मला काही दिसत नाही."

सीएचं कुतूहल मात्र व्यावसायिक. तो मागे वळून म्हणाला, "कितीची एंट्री आहे? कुठून आली?"

"तू कांदा चीर," वहिनी म्हणाली.

मी हीरो परत विकत घेतला. अनुभव तोच, मंत्र तेच, फौज शून्य. पुढच्या चार टर्नमध्ये दादाने मला रीतसर हरवलं, कसलीही दयामाया न दाखवता. पहाटे तीनला मी रिक्षा बोलावली. दादा खाली सोडायला आला. सोसायटीच्या गेटपाशी मी म्हणाले, "ते 2500 परत कसे करू?"

"सोमवारी," तो म्हणाला.

रिक्षा निघाल्यावर माझ्या लक्षात आलं, पुढचा सोमवार म्हणजे खराखुरा सोमवार, दोन दिवसांवरच होता. मी त्याला दुपारी लंच अवरमध्ये फोन केला. तीन वर्षांत पहिल्यांदाच, कामाशिवाय. प्रोजेक्टबद्दल विचारलं. तो पंचवीस मिनिटं बोलला.

मंडळी, तुमच्या ऑफिसातही असा कुणीतरी भिंतीवर उभा असेल, किंवा कुणीतरी टॅव्हर्नमध्ये बसलेला असेल. सल्ला देऊ नका, त्यांच्याकडे भरपूर असतो. बाजारात जाऊन बघा, काही पाठवता येतंय का.

आणि हो, नेक्रोमन्सी निम्मी ती निम्मीच. त्या बाबतीत तडजोड नाही!